कॉफी तुझीच होती

सावेडी, अहिल्यानगर
रविवार, २ मार्च २०२५

चि. अपूर्वास,

एकादशीच्या दिवशी शाळेतून आलो की आपण दोघी दप्तरं पाठीवरच ठेवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचो, आठवतं? बाबांची उपासाची कॉफी सकाळीच झालेली असायची, जायफळ घातलेली, आणि आपल्यासाठी तिचा वाससुद्धा उरलेला नसायचा. पण गाळण्यातला गाळ आई टाकत नसे. पितळी पेल्यात घालून त्यावर माठातलं पाणी ओतायची, झाकणी ठेवायची आणि पेला माठाखालच्या ओल्या वाळूत रोवून ठेवायची. चार वाजता सगळं आवरलं की वरची निवळ तेवढी प्यायची. दूध नाही, साखर नाही. एकदा तू हट्ट धरलास. तू दुसरीत, मी पाचवीत. एक घोट घेतलास आणि माझ्या निळ्या पिनाफोरवर थुंकलीस. मी रडायला लागले, आई हसायला लागली. "कडू आहे म्हणून तर माझ्या वाट्याला उरते गं," असं ती म्हणाली होती.

वर अहिल्यानगर लिहिलं आहे, पण हात अजून 'नगर' लिहायला जातो.

अकरा वर्षांनी लिहिते आहे आणि ते कॉफीबद्दल, म्हणजे तू पत्र इथेच मिटशील. मिटू नकोस. आईला शेवटच्या आजारात पातळ काही द्यायचं नव्हतं, तिच्या पोटात कॉफी गेली, आणि चौथ्या दिवशी ती गेली. त्यानंतर तू माहेरी आली नाहीस. हे सगळं आपल्या दोघींना ठाऊक आहे. आज मी त्याबद्दल लिहीत नाही. आजचा प्रश्न साधा आहे: घरी प्यायला गार कॉफी कोणती चांगली?

कारण असं की डॉक्टरांनी मला गरम बंद केलं आहे. घशाची थोडी कुरकुर आहे, वयाची. चहा गार करून प्यायले, तो घरात कुणी वारल्यासारखा लागतो. तेव्हा तुझी सृष्टी म्हणाली, "मावशी, कोल्ड ब्रू पी. त्याला विस्तव लागतच नाही."

सृष्टी दर रविवारी येते हे तुला माहीत असेलच. सुप्याच्या कारखान्यात लागल्यापासून चौथा रविवार. पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा मी तिला "अपू" म्हटलं. तुला सांगून येते की न सांगता, ते मी विचारलेलं नाही.

आज तिने तयार बाटली आणली. पुण्याहून मागवलेली, काळी, वर सोनेरी अक्षरं. मी घोट घेतला. ते कॉफीचं सरबत होतं. व्हॅनिलाचा वास, जिभेवर साखर, आणि कॉफी कुठेतरी मागच्या बाकावर बसलेली. लंकाबाईला दिली, तर ती म्हणाली, "पोरीच्या साखरपुड्याला द्यायला बरंय."

लंकाबाई अजून माझ्याकडेच आहे. आता स्वयंपाकही तीच करते.

तू म्हैसूरला कॉफीच्या मुलखात राहतेस. राधाकृष्णरावांच्या घरात तर सकाळ कॉफीशिवाय उजाडत नाही, असं तूच लग्नानंतरच्या पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. तेव्हा तूच सांग, बाटली, पुड्या, की घरी भिजवलेली?

तुझी
ताई


सावेडी
रविवार, १६ मार्च २०२५

चि. अपूर्वास,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. टपाल मात्र रोज दोनदा पाहिलं.

मधल्या काळात प्रयोग झाले ते कळवते.

सृष्टीने पत्र्याचे छोटे डबे आणले. त्यात आधी डबा लागतो आणि मग कॉफी. मग पुड्या आणल्या. चहाच्या असतात तशाच, पण तळहाताएवढ्या. संध्याकाळी पाण्याच्या तांब्यात सोडायच्या, सकाळी काढून टाकायच्या. नीटनेटकं काम, गाळ नाही, डाग नाही. चव आपल्या शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टांसारखी, सभ्य आणि पातळ. आजारी माणसाला पुरेशी आहे. मी म्हटलं, मी एवढीही आजारी नाही.

तेव्हा ठरवलं की घरीच करायची. इथे माझी पहिली चूक. कापडबाजाराजवळच्या दुकानातून फिल्टर कॉफीची पूड आणली, चिकोरी घातलेली. ती भिजवली, तर सकाळी बरणीत पोतेरं पिळल्यासारखा चिखल. पंच्यातून गाळला तरी चिखलच. सृष्टी फोनवर वाचून म्हणाली, "मावशी, चिकोरी नको आणि बारीक नको. कोअर्स पाहिजे. बियाच आणू आणि दळू."

मिक्सरमध्ये अर्धं पीठ होतं आणि अर्ध्या बिया तशाच राहतात, म्हणून मी बिया आसारामच्या गिरणीत नेल्या. हसू नकोस. त्याने डब्यात हात घातला, वास घेतला आणि म्हणाला, "बाई, आत्ताच ज्वारी काढलीय ह्याच्यावर. चालंल का?" मी म्हटलं, चालेल. त्याने विचारलं, कसं दळू? मी इंग्रजीची बाई. 'कोअर्स'चं मराठी म्हणून म्हटलं, "जाडसर." त्याने भाकरीचं जाडसर पीठ काढून दिलं. दोन दिवस आम्ही कॉफीची आंबील प्यायलो.

तिसऱ्या दिवशी लंकाबाईने विचारलं, "पर तुमाला नेमकं कसं पायजेल?" मी बोटाच्या चिमटीत हवेतच दाखवलं.

"लापशीवानी?"

"हो, तसंच."

"मंग भरडायचं म्हना की. दळायचं कशाला म्हनता? दळनं येगळं, भरडनं येगळं."

तिने तिच्या खोलीतून जातं आणवलं. पाथर्डीहून आली तेव्हा आणलेलं, दर वर्षी ऊसतोडीला जातानाही ट्रॅक्टरवर बरोबर असायचं. मधल्या खिळ्याला चिंधी गुंडाळून वरचा दगड जरा उचलला, मूठ मूठ बिया घातल्या, आणि अपू, अशी भरड पडली की सृष्टी फोन बाजूला ठेवून बघत राहिली. एक वाटी भरड, आठ वाट्या पाणी, काचेची बरणी. सृष्टीने फ्रीजमध्ये ठेवली. इकडे उन्हाळ्याची वीज जायला लागली आहे, म्हणून मी एक पेला माठाजवळच्या वाळूतही ठेवला. सकाळी मलमलमधून गाळली, न पिळता. वाळूतली जास्त चांगली होती. कडू, पण स्वच्छ कडू.

लंकाबाईने घोट घेतला. "ह्यो तर कोरा च्या हाय. गार झाल्याला. ऊसतोडीला कोपीवर, पाचटाच्या खोपटात, आमी हेच प्यायचो, दूध कुठनं आनायचं." तिने मात्र सगळी प्यायली.

मी प्यायले आणि चार वाजल्याचं लक्षात आलं.

आता जे लिहिते ते खोडणार होते, पण राहू देते. आई सहा वर्षं माझ्याकडे होती. तिची औषधं, तिचे केस, तिचं पाठीचं तेल, सगळं मी केलं. तू वर्षातून चार दिवस यायचीस, तुझा तो स्टीलचा फिल्टर बॅगेत घेऊन, माझ्या घरची कॉफी तुला चालत नसे म्हणून. आणि आई ते चारही दिवस हसायची. पाचव्या दिवशी मला विचारायची, "अपू गेली का गं?" मी म्हणायचे, गेली. मग ती भिंतीकडे तोंड करून पडायची. तो हिशेब मी मनात ठेवला होता. आई आजारी पडायच्याही आधीपासून.

पूड कोणती, ते मला आता कळलं आहे. तरी लिही.

तुझी
ताई


सावेडी
रविवार, ३० मार्च २०२५, पाडवा

चि. अपूर्वास,

सकाळी गुढी सृष्टीने उभारली. कडुनिंबाची चटणी तिने एका दमात गिळली आणि वर पाणी प्यायली, अगदी तुझ्यासारखी. जेवणं झाल्यावर मी बरणी काढली. आता मी कॉफीत तयार झाले आहे. तिला म्हटलं, "तुझ्या आईला सांग, म्हैसूरच्या तोंडात मारेल अशी कॉफी नगरला होते."

ती म्हणाली, "आई कुठे कॉफी पिते?"

मला वाटलं, ती थट्टा करते आहे.

"नाही मावशी, खरंच. आमच्या घरात सगळे पितात. आजी तर तीन वेळा. आई करून देते सगळ्यांना, पण ती स्वतः नाही घेत. गरम पाणी पिते."

"कधीपासून?"

"मी नववी संपवून दहावीत गेले, तेव्हापासून. नगरची आजी गेल्यानंतर. एकदा मी कपात ओतून दिली, तर तिने बेसिनमध्ये टाकली आणि हात धूत राहिली. साबण लावून, खूप वेळ. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, माझ्याकडून एकदा पेला नको तिथे राहिला." मग तिने मला सरळ विचारलं, "मावशी, कुठे राहिला होता पेला?"

लंकाबाई ताटं उचलत होती. ती थांबली. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

अपू, पासष्टीला टेकलेल्या बाईने सणाच्या दिवशी तुझ्या लेकीच्या तोंडावर खोटं सांगितलं.

आणखी एक खोटं मागच्या पत्रांत आहे. कुरकुर नाही, अन्ननलिकेत गाठ आहे. तपासून झाली, चांगली नाही. नऊ एप्रिलला पुण्याला ऑपरेशन. सुश्रुत कॅनडाहून परवा पोचतो आहे. माझ्या मुलाला सगळं माहीत आहे, पेल्याचं सोडून. सृष्टीला आजच दुपारी सांगितलं. ती रडली, आणि मग उठून पुढच्या आठवड्यासाठी भरड भिजवली.

आता गिळताना काय होतं ते मला समजतं. घोट उतरत नाही, अडतो. माणूस काय द्याल ते घेतो, पण मनात एकच चव धरून असतो.

आज एवढंच. चार-पाच दिवसांत पुन्हा लिहिते. तोवर तू लिहिशील म्हणून मी वाट पाहणार नाही. माझीच पाळी आहे.

ताई


सावेडी
शनिवार, ५ एप्रिल २०२५

अपूर्वा,

चि. लिहिलं नाही. आशीर्वाद द्यायचा हक्क हे पत्र वाचून तू ठरव.

मंगळवार होता. तू लंकाबाईला घेऊन कापडबाजारात गेली होतीस, तिच्या ज्योतीच्या लग्नाची साडी तुला तुझ्याकडून द्यायची होती. आपला दादा औषधं आणायला गेला होता. घरात आई आणि मी. जायच्या आधी तू आईच्या पलंगाशी बसून कॉफी घेतलीस, आणि रिकामा पेला ओट्यावर नेऊन ठेवलास. ऐक, पुन्हा लिहिते. रिकामा. ओट्यावर. मी पाहिलं होतं. तू तो आईजवळ विसरली नव्हतीस.

चार वाजता आईने डोळे उघडले. झटका येऊन उजवं अंग गेल्यापासून तिचे शब्द तुटलेले होते, एक आज तर एक उद्या. त्या दिवशी तिने दोन सलग उच्चारले. "अपू, कॉफी."

मी म्हटलं, "आई, मी अंबू."

ती माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "अपू."

सहा वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तिने मागायच्या आधी मी द्यायचे, हे एक कारण. पण तेव्हा मला ते कारण सुचलं नाही. मला एवढंच दिसलं की तिचा एक हात उठला आणि तो तुझ्यासाठी उठला. मला तुझा राग आला. तिचाही आला. आणि त्याहून जास्त, तो हात रिकामा परत जाऊ नये असं वाटलं. मी म्हटलं, "हो आई, अपूच."

तुझ्या फिल्टरमध्ये खाली अर्क उरला होता. तुझाच पेला घेतला. माठातलं पाणी घातलं, दूध नाही, साखर नाही. पातळ श्वासनलिकेत जातं, घट्ट करून चमच्याने द्यायचं असं डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलेलं मला पाठ होतं. मी पेला तिच्या ओठांना लावला. पहिला घोट उतरला. दुसरा उतरला. तिचं अर्धं तोंड हसलं. तसं हसू मी फक्त तुझ्या चार दिवसांत पाहिलेलं होतं, आणि त्या वेळी ते माझ्याकडे बघून होतं. म्हणून मी तिसरा दिला.

तो अडला. पुढचं तुला माहीत आहे. खोकला, निळे ओठ, मग ताप. ती थोडी सावरली तेव्हा मी आत जाऊन फिल्टर धुतला, पुसला, तुझ्या बॅगेत ठेवला. पेला मात्र पलंगाशेजारच्या स्टुलावरच राहिला. तेवढा विसरले.

डॉक्टर आले, म्हणाले, हिला पातळ काय दिलं? दादाने पेला उचलून वास घेतला. "ही कॉफी कुणाची?" आणि तू दारात उभी. हातात साडीची पिशवी. तू विचारलंस, "ताई, मी पेला इथेच विसरले का गं? आईने डाव्या हाताने घेतला का?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. मी म्हटलं, "कॉफी तुझीच होती."

ह्या वाक्यात खोटं काही नाही. तीस वर्षं मुलींना वाक्यरचना शिकवली, मला समजतं. कर्ता गाळला की वाक्य खोटं न होता माणूस खोटं बोलू शकतो. सिस्टर बेनेडिक्टा आपल्याला मॉरल सायन्सच्या तासाला सांगायच्या, न सांगणं हेही खोटंच. त्या तासाला मी पहिल्या बाकावर असायचे.

तेराव्याला दादा चारचौघांत तुला म्हणाला, "आईला बघायला आलीस की संपवायला?" मी आत पानं मांडत होते. दोन पावलांवर. एक पान मी तीनदा पुसलं. बाहेर आले तेव्हा तू रिक्षात बसली होतीस. मी मनात म्हटलं, आता कळेल हिला, कुणी नसलं की कसं वाटतं. हेही लिहून ठेवते, कारण नंतर पश्चात्ताप झाला असं लिहिणं फार सोपं आहे. पश्चात्ताप झाला, पण तो वर्षाने झाला. आधी बरं वाटलं होतं.

काल मी लंकाबाईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठावं हुतं."

"कसं?"

"बाजारातनं आले तवा फिल्टर बॅगेत, धुतल्याला, पुसल्याला. अपूताई कदी पुसून ठिवत्यात व्हय? त्या तसाच ठिवून जायच्या, मी घासायची."

"मग बोलली का नाहीस? अकरा वर्षं?"

"तुमच्या घरातलं तुमी बोलायचं, बाई. मी बोलले आसते तर तुमी मला ठिवलं आसतं का?"

मी ठेवलं नसतं. हे तिलाही माहीत होतं.

तर ते असं. ती कॉफी आईला मी दिली. आईला मात्र ती तू दिलीस असं वाटलं, आणि ती हसली. म्हणजे तिचं शेवटचं हसू तुझंच आहे, मी ते तुझ्या नावावर उचललं. माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावीशी वाटेल, तू तशीच आहेस. तू फक्त हात धुवायचं थांबव.

आता वस्तूंचं. मी परत आले तर हे सगळं माझ्या हातून होईल, नाही आले तर सुश्रुत करील. त्याला यादी दिली आहे.

ह्या पत्राची एक प्रत दादाला. ती मी सकाळीच पोस्टात टाकली, म्हणजे तुझी टाकताना माझा हात मागे येऊ नये. त्याचा फोन येईल. तो उचलायचा की नाही, तू बघ.

काचेची बरणी, मलमल आणि मोजायची वाटी सृष्टीला. तिला सांग, कितीही घाई असली तरी गाळताना पिळायचं नाही, नाहीतर गाळाची कडू चव उतरते. आणि तिने मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला दे. मी दिलं असतं, पण ते आधी तुला मिळायला हवं होतं.

फ्रीज लंकाबाईला, आणि ती बसते ती वेताची खुर्चीही. ती नको म्हणेल. सुश्रुतला सांगितलं आहे, तिला विचारायचं नाही, टेम्पोत घालून तिच्या खोलीवर पोचवायचं.

जायफळाची किसणी सुश्रुतलाच. लहानपणी त्याने तिच्यावर बोट कापून घेतलं होतं, त्याला आठवेल.

तुझा स्टीलचा पेला तुला परत. धान्याच्या कोठीमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, अकरा वर्षं. काल घासला, ह्या पार्सलमध्ये आहे. त्याच्याबरोबर आईचा पितळी पेला. तोही तुझा, तिने कॉफी तुझ्याकडे मागितली होती.

पुडीत अर्धा किलो भरड आहे, लंकाबाईने जात्यावर काढलेली, चिकोरी नाही. ती तुला, तुझ्या एकटीला. घरच्यांना त्यांची त्यांची करून दे. एक वाटीला आठ वाट्या पाणी, संध्याकाळी सातला भिजव, सकाळी अकराला गाळ. माठ नसेल तर फ्रीज चालेल. चार वाजता पितळी पेल्यात घे. साखर घालू नकोस. थुंकावीशी वाटली तर खुशाल थुंक, मी पुढ्यात निळा पिनाफोर घालून उभी आहे असं समज.

अंबिका